नागरी हक्कांच्या लढ्याचे अध्यापन आणि ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपट : नाशिकच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

‘नागरी हक्कांचा लढा’ हे शब्द उच्चारताच आपल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर अमेरिकेचे चित्र उभे राहते. माँटगोमेरीची बस, रोझा पार्क्स, मार्टिन ल्यूथर किंग यांची भाषणे हे सारे त्यांना पाठ्यपुस्तकांतून, स्पर्धा परीक्षांच्या तयारीतून आणि चित्रपटांतून परिचित झालेले असते. याच विद्यार्थ्यांना महाडच्या चवदार तळ्याविषयी विचारले, तर ते त्याचे उत्तर ‘समाजसुधारणा’ या प्रकरणात शोधतात. नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाविषयी विचारले, तर पंचवटीत लहानाचा मोठा झालेला विद्यार्थीही कित्येकदा निरुत्तर होतो.

वस्तुतः ‘नागरी हक्क’ ही संज्ञा आपल्याकडे परकी नाही. संसदेने १९५५ साली ‘अस्पृश्यता (अपराध) अधिनियम’ संमत केला. १९७६ साली त्यात व्यापक सुधारणा झाली आणि त्याचे नाव ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५’ असे झाले. या अधिनियमात नागरी हक्काची जी व्याख्या दिली आहे, ती थेट भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १७ शी, म्हणजेच अस्पृश्यतेच्या उच्चाटनाशी जोडलेली आहे. याचा अर्थ असा की, आपल्या कायद्याने ज्याला नागरी हक्क म्हटले, त्याचा इतिहास महाड आणि नाशिक येथेच घडलेला आहे. कायद्याला जे स्पष्टपणे दिसले, ते आपल्या अध्यापनात मात्र पुरेसे उतरलेले नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) या चित्रपटाचा महाविद्यालयांतून नियमित उपयोग व्हावा, अशी शिफारस प्रस्तुत लेखात केली आहे. मात्र हा चित्रपट केवळ एका महापुरुषाचे चरित्र म्हणून न दाखवता नागरी हक्कांच्या लढ्याचा दृश्य दस्तऐवज म्हणून दाखवला जावा, आणि नाशिक परिसरातील महाविद्यालयांनी त्याला नाशिकच्या इतिहासाची जोड द्यावी, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

लेखाची उद्दिष्टे

१) सदर चित्रपटाचा शैक्षणिक दृष्टिकोनातून परिचय करून देणे.
२) महाड व नाशिक येथील सत्याग्रहांचे नागरी हक्कांच्या संदर्भातील स्वरूप स्पष्ट करणे.
३) चित्रपटाच्या मर्यादांची चर्चा करून वर्गातील त्याच्या उपयोगाची दिशा सुचविणे.

चित्रपटाचा परिचय

मराठी रंगभूमीवर ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) आणि मराठी चित्रपटसृष्टीत ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ अशा कृतींमुळे डॉ. जब्बार पटेल यांचे स्थान निश्चित झाले होते. जातिव्यवस्थेचा प्रश्न त्यांनी ‘मुक्ता’ (१९९४) या चित्रपटात हाताळला होता. त्यानंतरची त्यांची मोठी निर्मिती म्हणजे प्रस्तुत चित्रपट होय. केंद्र शासन आणि महाराष्ट्र शासन यांच्या अर्थसाहाय्याने व राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या सहभागाने तो साकार झाला. मूळ चित्रपट इंग्रजी भाषेत असून नंतर तो हिंदीसह अन्य भारतीय भाषांतही आणण्यात आला.

पटकथेच्या लेखनात सूनी तारापोरवाला, अरुण साधू आणि दया पवार यांचा सहभाग होता. ‘बलुतं’सारखे आत्मकथन लिहिणारे दया पवार, राजकारणाचा मर्मज्ञ कादंबरीकार असलेले अरुण साधू आणि आंतरराष्ट्रीय ख्यातीच्या पटकथाकार तारापोरवाला या तिघांचा संयोग मराठी साहित्याच्या अभ्यासकालाही विचारात घ्यावा असा आहे. बाबासाहेबांची भूमिका मल्याळम अभिनेते मामुट्टी यांनी, तर रमाबाईंची भूमिका सोनाली कुलकर्णी यांनी केली. महात्मा गांधींच्या भूमिकेत मोहन गोखले आहेत. छायाचित्रण अशोक मेहता यांचे आहे. ४६ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये या कृतीला सर्वोत्कृष्ट इंग्रजी चित्रपटाचा, मामुट्टी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा आणि नितीन चंद्रकांत देसाई यांना कलादिग्दर्शनाचा पुरस्कार प्राप्त झाला.

एवढे असूनही हा चित्रपट व्यावसायिक चित्रपटगृहांतून सर्वदूर पोहोचला नाही. तमिळमध्ये भाषांतरित झालेली आवृत्ती २०१० साली प्रदर्शित झाली, यावरून या प्रवासाची संथ गती ध्यानात येते. जनसामान्यांपर्यंत तो पोहोचला तो प्रामुख्याने दूरदर्शनवरून, तसेच १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या निमित्ताने वस्त्या-वस्त्यांत व बुद्धविहारांत होणाऱ्या प्रदर्शनांतून. या प्रदर्शनांचे मोल निःसंशय मोठे आहे. परंतु त्यातून एक विपरीत परिणामही संभवतो. महाविद्यालयात असा चित्रपट जयंती-पुण्यतिथीपुरता दाखवला गेला, की तो एका विशिष्ट समाजाच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आहे असे इतर विद्यार्थी, आणि क्वचित प्राध्यापकही, गृहीत धरतात. ज्या लढ्याने देशातील प्रत्येक नागरिकाच्या हक्काची भाषा घडवली, तो लढा अशा रीतीने एका गटाच्या अभिमानाचा विषय म्हणून बाजूला ठेवला जातो. सदर चित्रपट अभ्यासक्रमाशी जोडण्याची गरज येथेच निर्माण होते.

महाड : ठराव आणि अंमल

नागरी हक्काची संकल्पना विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी चित्रपटातील महाडचे प्रसंग सर्वाधिक उपयुक्त आहेत. मात्र ते दाखविण्यापूर्वी त्यामागील कायदेशीर पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने इत्यादी ठिकाणी अस्पृश्यांना मुक्त प्रवेश असावा, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांसाठी खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क सिद्ध झाला. परंतु तळ्याच्या पायरीवर मात्र तो अस्तित्वात नव्हता. १९ व २० मार्च १९२७ रोजी भरलेल्या परिषदेनंतर बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्यांनी कोणताही नवा हक्क मागितला नव्हता. विद्यमान हक्क त्यांनी बजावला होता.

हा भेद सूक्ष्म असला तरी अत्यंत महत्त्वाचा आहे. सुधारणा ही देणाऱ्याच्या औदार्यावर अवलंबून असते. हक्क हा धारण करणाऱ्याच्या कृतीने सिद्ध होतो. महाडनंतर तळ्याचे शुद्धीकरण झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अस्पृश्यांच्या बाजूचा निर्णय यावयास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडला. तळे आपल्या खाजगी मालकीचे असून अस्पृश्यांना वगळण्याची तेथे अनादी वहिवाट आहे, हा सवर्ण पक्षाचा दावा टिकला नाही. पाण्याच्या एका ओंजळीसाठी दहा वर्षे न्यायालयीन झुंज द्यावी लागली, ही वस्तुस्थिती विद्यार्थ्यांना कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक शिकवून जाते.

नाशिक : बंद दरवाजांचा सत्याग्रह

संपूर्ण जीवनपट सुमारे तीन तासांत मांडणाऱ्या चित्रपटात नाशिकच्या प्रदीर्घ लढ्याला सविस्तर न्याय मिळणे शक्य नव्हते. येथील प्राध्यापकाला आपल्या परीने भर घालावयाची आहे ती याच ठिकाणी.

२ मार्च १९३० रोजी नाशिक येथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. सुमारे पंधरा हजार लोक जमले होते. परिषदेनंतर जवळजवळ मैलभर लांबीची मिरवणूक अत्यंत शिस्तीने काळाराम मंदिराकडे निघाली. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तेथे तिचे सभेत रूपांतर झाले. दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी मंदिराच्या चारही दरवाजांसमोर सत्याग्रहास बसली. दांडीयात्रेचा प्रारंभ १२ मार्चला झाला, म्हणजे त्याहून नऊ दिवस आधी. मार्च १९३० म्हटले की विद्यार्थ्यांना केवळ मीठ आठवते. त्याच महिन्यात त्याच सत्याग्रहाच्या साधनाने स्वकीयांच्या बंद दरवाजांसमोर लोक बसलेले होते, हे त्यांना सांगावे लागते.

या सत्याग्रहाचे सचिव आणि खऱ्या अर्थाने आधारस्तंभ होते भाऊराव कृष्णाजी उपाख्य दादासाहेब गायकवाड. दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी जन्मलेल्या या कार्यकर्त्याने पुढील पाच वर्षे लढा धगधगता ठेवला. ९ एप्रिल १९३० रोजी रामनवमीच्या रथोत्सवात दोन्ही पक्षांच्या लोकांनी मिळून रथ ओढावा, असा समझोता झाला होता. ऐन वेळी तो मोडला. सत्याग्रहींना हात लावू न देता रथ पुढे नेण्यात आला आणि दगडफेक झाली. त्यानंतर खेडोपाडी अस्पृश्यांना जाच सोसावा लागला. मंदिर दीर्घकाळ बंद ठेवण्यात आले. देवाला कोंडून घेणे परवडले, पण माणसाला आत घेणे परवडले नाही, असे या घटनाक्रमाचे वर्णन करता येईल.

मंदिरात जाऊन अस्पृश्यांचे सर्व प्रश्न सुटतील असे बाबासाहेबांचे मत नव्हते. त्यांचे प्रश्न राजकीय, आर्थिक, शैक्षणिक असे व्यापक आहेत, हे त्यांनी सत्याग्रहाच्या प्रारंभीच स्पष्ट केले होते. हिंदू समाज माणसाला माणूस म्हणून स्वीकारावयास तयार आहे किंवा नाही, याची ती कसोटी होती. १९३४ च्या मार्च महिन्यात त्यांनी दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रात मंदिर प्रवेशाऐवजी राजकारण आणि शिक्षण यांवर शक्ती केंद्रित करावी, असा सल्ला दिला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातीलच येवला येथे त्यांनी धर्मांतराची ऐतिहासिक घोषणा केली. चित्रपटाच्या अखेरीस येणारी नागपूरची दीक्षा (१४ ऑक्टोबर १९५६) ही काळारामाच्या बंद दरवाजापासून येवल्यामार्गे निघालेल्या वाटेचे शेवटचे ठिकाण आहे. हा दुवा लक्षात घेतला नाही तर धर्मांतर हा एक आकस्मिक निर्णय वाटतो.

या लढ्याची परिणती संविधानातही शोधता येते. अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा नामनिर्देश आहे. अनुच्छेद २५(२)(ख) मध्ये सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याची तरतूद आहे. संविधानाच्या भाषेत तळे आणि घाट यावेत, हे अन्य देशांच्या अभ्यासकांना कदाचित चमत्कारिक वाटेल. महाड आणि गोदाकाठ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तसे वाटणार नाही.

‘सेल्मा’च्या संदर्भात

तौलनिक अध्ययनासाठी अव्हा ड्यूव्हर्ने दिग्दर्शित ‘सेल्मा’ (२०१४) हा चित्रपट उपयुक्त आहे. अलाबामा राज्यातील सेल्मा येथून कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चावर ७ मार्च १९६५ रोजी एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी अमानुष लाठीहल्ला केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मताधिकार कायदा अस्तित्वात आला. या चित्रपटाने किंग यांचे संपूर्ण जीवन न घेता काही महिन्यांचाच कालखंड निवडला. त्यामुळे नेत्यांमधील मतभेद, डावपेच, स्त्रियांचा सहभाग आणि सामान्य कार्यकर्त्यांची भीती यांना जागा मिळाली.

दोन्ही लढ्यांत साम्य आहे, तसा भेदही आहे. अमेरिकेत समान संरक्षणाची हमी देणारी चौदावी घटनादुरुस्ती १८६८ साली झाली आणि ती प्रत्यक्षात आणण्यासाठी जवळजवळ शतकानंतर जनआंदोलन उभे राहिले. आपल्याकडे आंदोलन आधी झाले आणि त्या आंदोलनाचा नेता पुढे संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. वर्ण आणि जात यांना एकच समजणे योग्य नव्हे. तथापि दोन्ही लढ्यांना परस्परांची जाणीव होती. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या त्यांच्या निवेदनाविषयी विचारणा केली होती, आणि ड्यू बॉइस यांनी त्यास सहानुभूतीपूर्वक उत्तरही दिले होते.

चित्रपटाच्या मर्यादा

कोणतीही कृती अध्यापनासाठी स्वीकारताना तिच्या मर्यादांची जाणीव ठेवणे इष्ट ठरते. पहिली मर्यादा चरित्रपट या प्रकाराचीच आहे. कॅमेरा नायकावर स्थिरावतो, त्यामुळे त्याच्या भोवतीचे हजारो लोक ‘जमाव’ होऊन राहतात. सत्याग्रहाच्या पहिल्या तुकडीतील पंचवीस स्त्रिया कोण होत्या, त्यांनी घरदार कोणाच्या भरवशावर सोडले, मजुरी बुडाल्यावर चूल कशी पेटली, हे प्रश्न चरित्रपटाच्या चौकटीत मावत नाहीत. दुसरी मर्यादा भाषेची आहे. इंग्रजी संवादांमुळे चित्रपटाला जगाचा प्रेक्षक मिळाला. परंतु ज्या मराठीत बाबासाहेबांनी सभा जिंकल्या आणि ‘मूकनायक’ व ‘बहिष्कृत भारत’चे लेखन केले, त्या मराठीची धार त्यात येऊ शकत नाही. तिसरी मर्यादा काळाची आहे. चित्रपट १९५६ जवळ थांबतो, लढा मात्र थांबत नाही.

या तिसऱ्या मर्यादेवर उपाय म्हणून आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा माहितीपट सुचवावासा वाटतो. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलीस गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर लोकशाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. या घटनेपासून निघालेला हा माहितीपट चौदा वर्षांच्या चित्रीकरणातून सिद्ध झाला आहे. त्यात शाहिरांची मराठी आहे, आणि चरित्रपटात ‘जमाव’ असलेली माणसे येथे स्वतः बोलतात.

उलट, प्रस्तुत चित्रपटाचे एक बलस्थान आवर्जून नोंदवावे लागेल. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या गाजलेल्या चित्रपटात बाबासाहेबांना स्थानच नाही. जब्बार पटेल यांच्या चित्रपटात मात्र गांधीजी आहेत, आणि गोलमेज परिषद व पुणे करार यांवरील दोघांचा मतभेद समोरासमोर येतो. दोन्ही चित्रपट पाहिलेल्या विद्यार्थ्याला इतिहासलेखनात कोण वगळले जाते, हा प्रश्न स्वतःहून पडेल.

वर्गातील उपयोग : काही सूचना

१) संपूर्ण चित्रपट एका बैठकीत दाखवून कार्यक्रम संपविण्याऐवजी शिक्षण व प्रारंभीचे अनुभव, महाड, गोलमेज परिषद ते पुणे करार, आणि संविधान ते धर्मांतर अशा चार भागांत तो चार तासिकांत दाखवावा. प्रत्येक भागानंतर चर्चेस वेळ द्यावा.

२) हा उपक्रम केवळ राज्यशास्त्र वा इतिहास विभागाचा नसावा. मराठी विभागाने पटकथेवर, वाणिज्य व अर्थशास्त्र विभागाने बाबासाहेबांच्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) या ग्रंथावर, तर विधी शाखेने चवदार तळ्याच्या खटल्यावर बोलावे.

३) प्रदर्शन जयंती वा पुण्यतिथीच्या दिवशी न ठेवता नियमित सत्रात ठेवावे आणि उपस्थिती सर्व विद्यार्थ्यांसाठी समान असावी.

४) काळाराम मंदिर ते गोदाघाट असा परिसर विद्यार्थ्यांसह पायी पाहावा आणि त्यांना २ मार्च १९३० च्या घटनाक्रमाचे टिपण करावयास सांगावे. शक्य असल्यास येवल्याच्या मुक्तिभूमीची सहल जोडावी.

५) दादासाहेब गायकवाड यांच्या कार्यावर, विशेषतः १९५९ व १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांवर, विद्यार्थ्यांकडून प्रकल्प करून घ्यावा. हक्काची मागणी मंदिरापासून जमिनीपर्यंत कशी गेली, हे त्यातून स्पष्ट होईल.

६) गावोगावच्या वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून करता येईल. प्रत्यक्ष सत्याग्रही आता हयात असण्याची शक्यता जवळजवळ उरलेली नाही. मात्र त्यांच्या मुला-नातवंडांनी ऐकलेल्या हकिकती अद्याप हाती लागू शकतात.

या चर्चेत अवघड प्रसंग येणारच. काही विद्यार्थी दुखावतील, काही गप्प राहतील, काही ‘आता हे सारे संपले आहे’ असे म्हणतील. अशा वेळी प्राध्यापकाने विषय आवरता न घेता प्रत्येकाला आपल्या गावातील पाणवठा, स्मशानभूमी आणि मंदिर यांचे आजचे चित्र लिहून आणावयास सांगावे. विद्यार्थ्यांची स्वतःची निरीक्षणे एकमेकांशेजारी ठेवली असता वादाला आपोआप अभ्यासाचे स्वरूप येते.

समारोप

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा आणि अखेरही नाशिकचीच. ‘लंकादहन’ (१९१७) सारखी रामकथा याच परिसरात चित्रित होऊन देशभर पोहोचली. पडद्यावरील राम सर्व जातींच्या प्रेक्षकांना दिसत होता, तेव्हा पंचवटीतील राम मात्र सर्वांना दिसत नव्हता. चित्रपट आणि नागरी हक्क या दोन्ही इतिहासांचा असा धागा नाशिकला लाभलेला आहे.

‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा निर्दोष चित्रपट आहे असा येथे दावा नाही. तथापि नागरी हक्क म्हणजे काय, तो मिळविण्यासाठी काय मोजावे लागते आणि तो कायद्यात कसा उतरतो, हे तीन तासांत एवढ्या स्पष्टपणे सांगणारे दुसरे साधन आज प्राध्यापकांच्या हाती क्वचितच असेल. त्याला काळारामाच्या बंद दरवाजांचा आणि दादासाहेब गायकवाडांच्या चिकाटीचा इतिहास जोडून देणे हे नाशिकच्या महाविद्यालयांचे काम आहे. ते झाल्यास रोझा पार्क्स यांचे नाव सांगणारा आपला विद्यार्थी त्याच ओघात २ मार्च १९३० हा दिवसही सांगू शकेल, आणि हा इतिहास कोणाचा, असे विचारल्यास ‘माझा’ असे उत्तर देईल, मग त्याची जात कोणतीही असो.